अंदमानला काय नेऊ नये, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी भटकंतीचं पान आलं होतं. अंदमानच्या फेरीबोटींची माहिती त्यात बिनचूक होती, हॅवलॉकला आता स्वराज द्वीप म्हणतात हेही लेखकाने आठवणीने लिहिलं होतं. पण त्याच पानाच्या कोपऱ्यात एक रंगीत चौकट होती. घरातल्या कुत्र्यालाही बेटांवर घेऊन जा, काही विमान कंपन्या पिंजऱ्यासह छोटं कुत्रं केबिनमध्ये नेऊ देतात, अमुक किनाऱ्यावर त्याला मोकळं सोडून मस्त फोटो काढता येतात, असा मजकूर. त्या चौकटीने माझा रविवार खराब केला, म्हणून हे पत्र. लांब होईल, कात्री आपल्या हातात आहेच.

मी सहली नेते. कंपनी वगैरे म्हणण्याइतका पसारा नाही. डोंबिवली, ठाणे, मुलुंडकडची निवृत्त मंडळी असतात आणि दिवाळी सरली की मार्च संपेपर्यंत आमच्या अंदमानच्या फेऱ्या चालू असतात. मराठी माणूस तिथे आधी जातो तो सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीसमोर माणसं गप्प उभी राहतात, चपला बाहेर काढून आत जातात, कुणी उंबऱ्याची माती कपाळाला लावतात. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी नील बेटावर खिसे भरून शंख-शिंपले गोळा करताना दिसतात. त्यांना आवरणं हा माझ्या नोकरीचाच भाग. परतताना वीर सावरकर विमानतळावर सामान यंत्रातून जातं, प्रवाळाचा तुकडा दिसला की जवान बॅग उघडायला लावतो. प्रवाळ आणि वाघ वन्यजीव कायद्याच्या एकाच पहिल्या अनुसूचीत आहेत, हे आमच्या बऱ्याच काकांना त्या काउंटरवरच पहिल्यांदा कळतं.

ते योग्यच आहे. पण उलट बाजूने काय? चेन्नईहून, कोलकात्याहून उतरणारा माणूस सोबत काय घेऊन उतरतोय, हे माझ्या गटाला आजवर कुणी विचारलेलं नाही. बेटावरून जे बाहेर जातं त्यावर पहारा आहे. आत येणाऱ्याला मात्र रान मोकळं. आणि अंदमानचा इतिहास पाहिला तर तिथल्या रानाचं जास्त नुकसान बाहेरून आणलेल्या जिवांनी केलेलं आहे, आणि ते नुकसान भरूनही निघालेलं नाही.

रॉस बेटाचंच घ्या. पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरून लाँचने पंधरा-वीस मिनिटं. ब्रिटिशांची राजधानी होती. 1941 च्या भूकंपाने खिळखिळी झाली, मग जपानी आले, मग सगळं ओस पडलं. आता चर्चच्या भिंतींवर वडाच्या मुळ्या आणि त्या भिंतींमधून फिरणारे चितळ, मोर, ससे. आमच्या गटाला हे बेट सगळ्यात जास्त आवडतं. एक चितळ तर थेट पर्समध्ये नाक घालतं. "किती माणसाळलीयेत हो!" असं म्हणत बायका बिस्किटांचे पुडे फोडतात, पाटी लावलेली असली तरीही. मग मी सगळ्यांना सावलीत बसवते आणि सांगते, की तुम्ही आत्ता ज्यांचे फोटो काढलेत त्यातलं एकही जनावर इथलं नाही. अंदमानात हरीण नव्हतंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत साहेबांनी शिकारीच्या हौसेसाठी चितळ आणून सोडले. त्यांना खाणारा वाघ इथे नाही, बिबट्या नाही, रानकुत्रे नाहीत. चितळ पोहतातही चांगले. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात. आज अंदमानच्या किती तरी बेटांवर ते पसरलेत आणि जंगलात उगवणारी कोवळी रोपं वाढायच्या आत खुडून टाकतात. म्हातारी झाडं उभी आहेत, त्यांच्या खाली पुढची पिढी नाही. रॉसवर उतरलात तर वर पाहू नका, गुडघ्याच्या उंचीला पाहा. तिथे काय आहे? पालापाचोळा आणि उघडी जमीन.

हे ऐकल्यावर गट जरा हिरमुसतो. एका काकांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, तुम्ही सहलीचा मूड घालवता." घालवते.

पण चितळ काय, साहेबाने आणले. आपण आपल्या काळातलं बघू. नारकोंडम नावाचं एक बेट आहे, अंदमानच्या पूर्वेला एकटं पडलेलं, जेमतेम सात चौरस किलोमीटरचं. पर्यटकांना तिथे जाता येत नाही, मीही गेलेली नाही. तिथे एक धनेश राहतो, नारकोंडम धनेश, जो जगात दुसरीकडे कुठेही रानात नाही. 1969 साली तिथे पोलीस चौकी झाली. 1976 साली मटणाची सोय म्हणून शेळ्या नेल्या. दुष्ट हेतू कुणाचाच नव्हता. एकाकी बेटावर ड्युटी करणाऱ्या माणसांना ताजं अन्न हवं, एवढीच गोष्ट. शेळ्या सुटल्या, रानटी झाल्या, शेकड्यांनी वाढल्या आणि धनेशाला ज्यांची फळं नि ढोल्या लागतात त्या झाडांची रोपंच उगवेनाशी झाली. पुढे वर्षानुवर्षं ओरड झाल्यावर त्या शेळ्या काढाव्या लागल्या. इंटरव्ह्यू बेटावर तर हत्ती आहेत. लाकूडतोडीचा ठेकेदार 1962 च्या सुमारास बुडाला आणि ओंडके ओढणारे चाळीसेक हत्ती तिथेच सोडून गेला. हत्ती कुणी बोटीत घालून विसरत नाही असं आपल्याला वाटतं. विसरतात.

आता यातल्या कायद्याच्या गमतीकडे येते, कारण गंमतच आहे. 2022 साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि परक्या आक्रमक प्रजातींवर बंधनं घालायचा अधिकार केंद्राला मिळाला. चांगलं झालं. पण परकी म्हणजे कोणती? तर जी मूळची भारतातली नाही ती. चितळ भारतातलाच, वर पुन्हा कायद्याने संरक्षित. मोर तर राष्ट्रीय पक्षी. म्हणजे मध्य प्रदेशातलं जनावर अंदमानात परकं असू शकतं, हे कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. दिल्लीच्या नकाशात बेटं भारतात आहेत, त्यामुळे भारतातलं काहीही तिथे नेलं तरी ते घरच्या घरीच.

याचं सगळ्यात ताजं उदाहरण म्हणजे आपला मोठा बेडूक. कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पहिला मोठा पाऊस पडला की शेताच्या पाण्यात पिवळाधमक होऊन गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवत ओरडतो तो. आपल्याकडे त्याला मारून खायला बंदी आहे, कारण इथे तो कमी होतोय. हाच बेडूक गेल्या वीसेक वर्षांत अंदमानात पोचला आणि तिथे पसरत सुटला. मुख्य भूमीवरून माशांचं बीज नेतात, त्या पाण्यातून त्याची पिल्लं गेली असावीत असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. हा बेडूक तोंडात मावेल ते गिळतो, आणि त्याची पिल्लंही मांसाहारी; फक्त बेटांवरच सापडणाऱ्या छोट्या बेडकांची पिल्लं ती खाऊन टाकतात. इथे ज्याला वाचवायला हवं, तिथे त्याच्यापासून इतरांना वाचवायला हवं. यात बेडकाचा दोष काय? पण बेटाचाही काय दोष?

माशांच्या बीजाचं जाऊ द्या, तो पर्यटकांचा उद्योग नाही, असं कुणी म्हणेल. मग आमच्या सहलीतलाच प्रसंग सांगते. एका मावशींचा मुलगा नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला आहे. क्वार्टरपुढे थोडी जागा आहे म्हणून मावशींनी त्याच्यासाठी हापूसचं कलम घेतलं होतं, रत्नागिरीच्या रोपवाटिकेतून, चांगलं दोन फुटी. मुंबई विमानतळावर त्यांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली, मुळांभोवतीच्या मातीची हुंडी बघून मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, माती आपल्याकडचीच आहे, लाल, छान रुजेल." त्या हुंडीत काय काय असतं? मुंग्यांचं घरटं असू शकतं, वाळवी असू शकते, गोगलगायीची अंडी असू शकतात. शंखी गोगलगायीची अंडी साबुदाण्याएवढी असतात, फिकट पिवळी, आणि एका वेळी शेकडो. 2022 च्या खरिपात लातूर, धाराशिव, बीडकडे गोगलगायींनी उगवलेलं सोयाबीन रातोरात फस्त केलं, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, त्या बातम्या आपणच छापल्या होत्या. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. अंदमानात ती आधीच पोचलेली आहे, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांबरोबर आली असं तिथले लोक सांगतात. पण अंदमान म्हणजे एक बेट नव्हे. पाचशेहून अधिक बेटं आहेत, आणि एका बेटावर आलेली पीडा दुसऱ्यावर आली असेलच असं नाही. कलमं, कुंड्या, वाळूच्या गोण्या एका बेटावरून दुसऱ्यावर फेरीतून रोज जातात. मावशींचं कलम मी त्यांच्या जावयाबरोबर परत पाठवलं. मावशी तीन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, पण मुलाला फळं पाठवायची सोय त्यांनी आता कुरिअरने केली आहे.

आता कुत्र्यांबद्दल, कारण चौकट त्यांच्याबद्दल होती.

मला कुत्री आवडत नाहीत असं समजू नका. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या चार भटक्यांची नसबंदी आणि लसीकरण मी स्वतः उभी राहून करून घेतलंय. पण अंदमानात कुत्रंही मूळचं नाही. 1858 साली बंदिवानांची वसाहत झाली, त्यानंतर ते आलं; तोवर तिथल्या आदिवासींनाही कुत्रं माहीत नव्हतं. म्हणजे तिथल्या कुठल्याही प्राण्याच्या रक्तात कुत्र्याची भीती मुरलेली नाही. आणि तिथल्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. भारतात अंडी घालणाऱ्या चारही जाती अंदमान-निकोबारच्या वाळूत येतात; त्यात जगातलं सगळ्यात मोठं कासव, चामडी पाठीचं, तेही आलं.

उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा आहे. तेवढ्या लांब सगळे गट येत नाहीत, रस्ता हाडं खिळखिळी करतो. पण ज्यांना दम आहे त्यांना मी जानेवारी-फेब्रुवारीत नेते. तिथे वनखात्याची हॅचरी, म्हणजे कासवांची अंडी सांभाळून उबवायची जागा आहे, आपल्या कोकणात वेळासला असते तशीच: जाळीचं कुंपण, आत ओळीने घरटी आणि प्रत्येकावर पाटी. एकदा पहाटे आम्ही वाळूतून चालत होतो. माद्यांच्या वर येण्याच्या खुणा स्पष्ट होत्या, दोन्ही बाजूंनी वल्ह्यांचे ठसे आणि मध्ये ओढलेल्या पोटाचा पट्टा. एक खूण जिथे संपत होती तिथे हातभर खोल खड्डा उकरलेला होता. रखवालदाराच्या आधी कुत्री पोचली होती. कासवाचं अंडं कडक नसतं, त्याचं कवच मऊ असतं, दातांनी फाटतं. अशी फाटलेली, चुरगळलेली पांढरी कवचं सगळीकडे विखुरलेली, बलक वाळूत कालवलेला आणि त्यावर मुंग्यांची रांग. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. खड्ड्याच्या तळाला हात घालून रखवालदाराने चाचपलं, सहा साबूत निघाली. ती त्याने बादलीत ओल्या वाळूत ठेवली आणि आमच्याकडे न बघता हॅचरीकडे चालू लागला.

त्याच दुपारी त्याच किनाऱ्यावर दोन तांबडी कुत्री आमच्या गटाच्या मागे मागे फिरत होती. आणि आमच्यातल्याच एकांनी, सकाळचा खड्डा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या माणसाने, त्यांना ग्लुकोजची बिस्किटं टाकली! आपल्याला दया येते ती समोर शेपूट हलवणाऱ्याची. पर्यटक जिथे खायला घालतो तिथे कुत्री ठाण मांडतात, पिल्लं जगतात, संख्या वाढते, आणि हंगामात वाळूखालचं खाद्य त्यांना आयतं मिळतं. म्हणून "तिथे भटकी कुत्री आहेतच, आमच्या एका पगने काय फरक पडणार" हा युक्तिवाद मला पटत नाही. आहेत म्हणून तर प्रश्न आहे.

आणि एका कुत्र्याने फरक पडतो. न्यूझीलंडमध्ये वायटांगीच्या जंगलात 1987 साली किवी पक्ष्यांचा अभ्यास चालू होता. 24 किवींना रेडिओ लावले होते. पक्षी पटापट मरायला लागले. त्या 24 पैकी 13 गेले. गळ्यात पट्टा असलेली एकटी अल्सेशियन कुत्री हे करत होती. तिला मारेपर्यंत त्या जंगलातल्या नऊशेएक किवींपैकी सुमारे 500 तिने संपवले असावेत असा अंदाज निघाला. ती खातही नव्हती, नुसती मारत होती. कुणाची तरी लाडकीच असणार ती.

मांजरांचं वेगळं लिहीत नाही. स्वराज द्वीपवर आम्ही ज्या रिसॉर्टमध्ये उतरायचो तिथे जेवणघराच्या खांबांवर हिरव्यागार पाली दिसायच्या. या पाली दिवसा फिरतात, पाठीवर तांबडे पट्टे, आणि फक्त अंदमानात असतात. लहान मुलं तर त्यांच्या पुढ्यातून हलायची नाहीत. मग रिसॉर्टने उंदरांसाठी मांजरं आणली. पुढच्या हंगामात खांब मोकळे. मी मालकांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, गेस्टना मांजरं आवडतात." आता आम्ही दुसरीकडे उतरतो.

अजून एक मुद्दा पशुवैद्यक मंडळी जास्त चांगला मांडतील. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे देशातले रेबीजमुक्त गणले जाणारे भाग आहेत. समुद्राने दिलेली ही देणगी एका आजारी कुत्र्याने जाऊ शकते. लक्षद्वीपने यावर साधा उपाय ठेवला आहे: तिथे कुत्रं नेताच येत नाही. पर्यटक तरीही जातात, कुणाचं काही अडत नाही. लक्षद्वीपला जे जमतं ते अंदमानला का जमू नये?

तपासणी म्हटलं की लोक म्हणतात, आपल्याकडे हे व्हायचं नाही. म्हणून मी बघितलेलं सांगते. आमची एक सहल न्यूझीलंडला गेली होती. ऑकलंडला उतरण्याआधी फॉर्म भरायचा असतो: खाण्याचं काय आहे, झाडंझुडपं, बी-बियाणं आहे का, हल्ली जंगलात, शेतात, गोठ्यात गेला होतात का, बुटांना माती आहे का. आमच्या मंडळींकडे मेतकूट, चिवडा, लसणीची चटणी असा खजिना होता. मी सगळ्यांना लिहायला लावलं. अधिकाऱ्याने एकेक पुडा वास घेऊन बघितला आणि चटणी परत दिली. एका काकांनी आदल्या आठवड्यात राजगड केला होता, ते बूट त्यांनी खरंखरं जाहीर केले. अधिकारी बूट आत घेऊन गेला आणि धुऊन, पुसून परत आणून दिले. काका म्हणाले, "घरी एवढे स्वच्छ कधी नव्हते." आणि आमच्या पुढच्या रांगेत विमानात मिळालेलं सफरचंद पिशवीत विसरलेल्या एका बाईला जागेवर 400 डॉलर दंड झाला. रडकुंडीला आली होती. नियम म्हणजे नियम.

तिथून आम्ही तिरितिरी मातांगी नावाच्या छोट्या बेटावर गेलो. शेतीने उघडं पडलेलं हे बेट. स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांहून जास्त झाडं लावली, 1993 मध्ये उंदीर हटवले आणि दुसरीकडे संपत आलेले पक्षी आणून सोडले. बोटीत चढण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासायचे. पिशव्या उघडून बघायच्या, उंदीर, सरडुकली, मुंगी काही आहे का. डबे घट्ट झाकणाचे हवेत. आमच्या काकूंना हे अति वाटत होतं. "मुंगीसाठी एवढं?" मग तिथल्या स्वयंसेवक आजींनी सांगितलं, की 2000 साली बेटावर अर्जेंटिनाच्या मुंग्या सापडल्या आणि त्या संपवायला दशकाहून जास्त काळ लागला. कुणाच्या तरी सामानातून आल्या असणार, एवढंच. आम्ही डबे खात बसलो होतो तेव्हा निळा-हिरवा, लाल चोचीचा, कोंबडीहून मोठा पक्षी बाकाखालून चालत गेला. ताकाहे. संपला म्हणून सोडून दिलेला, 1948 मध्ये पुन्हा सापडलेला. त्याला उडता येत नाही. अशा पक्ष्याला बाकाखाली फिरू द्यायचं असेल तर पिशव्या तपासाव्या लागतात, हे मग काकूंनीच मला समजावून सांगितलं.

जाता जाता ग्रेट निकोबारचं. तिथे होऊ घातलेल्या बंदर प्रकल्पावरून वाद चालू आहेत, झाडं किती तुटणार, आदिवासींचं काय, हे सगळं आपण छापता. पण बोटीतून, कंटेनरमधून काय उतरणार, यावर मी एक ओळही वाचलेली नाही. गॅलेथियाच्या उपसागरात चामडी पाठीचं कासव अंडी घालतं, आणि निकोबारच्या किनारी रानात मेगापोड पक्षी पाला आणि वाळूचा ढीग करून त्यातच अंडी पुरून ठेवतो, वर बसून उबवत नाही. जमिनीवरच्या या ढिगाला कुंपण कोण घालणार? दुसऱ्या महायुद्धानंतर ग्वाम बेटावर लष्करी सामानातून एक झाडावर राहणारा साप आला. तिथल्या रानातल्या 12 देशी पक्ष्यांपैकी 10 त्याने बेटावरून नाहीसे केले. साप मुद्दाम कुणी आणला नव्हता. आज जिथे जेमतेम आठ हजार माणसं राहतात तिथे काही लाखांची वस्ती आणायचा बेत असेल, तर त्या लाखांबरोबर उंदीर, मांजरं, कुत्री आणि कुंड्याही येणार. प्रकल्पाच्या बाजूचे असोत की विरोधातले, दोघांनी याचा हिशेब मांडायला हवा.

माझं म्हणणं एवढंच, की अंदमानच्या विमानात आणि बोटीत चढण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक साधं जाहीरपत्र भरून घ्यावं: प्राणी, रोप, माती, बी-बियाणं आहे का. पाळीव कुत्री-मांजरं पर्यटकांनी नेण्यावर बंदी घालावी. तिथे बदलीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी लसीकरण, नसबंदी आणि नोंदणी सक्तीची करावी, कारण त्यांना घरचं जनावर टाकून जा असं सांगणं क्रूरपणाचं होईल. बेटाबेटांमधल्या फेरीवर रोपं आणि मातीची तपासणी हवी. कायद्यातली व्याख्याही बदलायला हवी, पण ते खासदारांचं काम. आपल्या वाचकांत एखाददुसरे असतील तर त्यांनी मनावर घ्यावं. आणि वृत्तपत्रांनी निदान उलटा सल्ला देऊ नये.

हे सरकारने करेपर्यंत आम्ही सहलवाल्यांनी हात बांधून बसायचं कारण नाही. आम्ही सगळे प्रवाशांना 'सोबत काय आणावे' असा कागद देतो: टोपी, सनस्क्रीन, उलटीच्या गोळ्या, आधार कार्डाच्या दोन प्रती. माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला आता 'सोबत काय आणू नये' असतं. त्यात कुंडी, कलम, मातीतलं रोप, सुटं बियाणं आणि पाळीव प्राणी आहेत. बूट आणि सॅकचे कप्पे निघायच्या आदल्या दिवशी घरी झटकून धुवावेत, किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना आणि रॉसवरच्या हरणांना काहीही घालू नये, हेही आहे. कुणाही सहल-संयोजकाला तो कागद हवा असेल तर आपल्या कार्यालयात एक प्रत पाठवत आहे, खुशाल छापावा, माझं नाव घालायची गरज नाही.

या कागदापायी यंदाच्या डिसेंबरच्या सहलीतली दोन बुकिंगं गेली. जोडप्याला त्यांच्या शित्झू कुत्र्याशिवाय जायचं नव्हतं. त्यांना मी महाबळेश्वर सुचवलं.

आपली,
एक सहल-संयोजिका, डोंबिवली (पूर्व)